जैववायूची पुनर्घटना आणि निकेलचा उत्प्रेरक : प्रस्तावना

ज्या वायूवर खेड्यातील चूल पेटते, तोच वायू चुलीत न जाळता तापलेल्या नळीतून, अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्यांवर पसरलेल्या निकेलच्या सूक्ष्म कणांवरून नेला, तर त्याचे मूळ रूप पालटते, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे असे एक मिश्रण हाती येते, की ज्यापासून खत, मेथॅनॉल, कृत्रिम इंधनतेल किंवा निव्वळ हायड्रोजन यांपैकी जे हवे ते सिद्ध करता यावे. एवढे सांगितले म्हणजे प्रस्तुत पुस्तकाचा विषय सांगून झाला, असे कोणी म्हटल्यास त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. अडचण सुरू होते ती त्यापुढे. ही क्रिया, म्हणजेच पुनर्घटना, घडवून आणणे फारसे कठीण नाही; गेल्या शंभर वर्षांत ती पुष्कळांनी घडवली आहे. परंतु पहिल्या दिवशी नव्वद टक्के मिथेनाचे रूपांतर करून दाखवणारा उत्प्रेरक तिसऱ्या महिन्यात, त्याच वायूवर आणि त्याच नळीत, काय दाखवतो, याची कैफियत देणारे दप्तर मात्र फार थोड्यांपाशी असते. आणि आमच्या मते या विद्येतील खरा प्रश्न तो एकच असून पुढील सर्व प्रकरणे त्याच्याच भोवती फिरत राहिली आहेत.

पुस्तक हिंजवडीत लिहिले गेले, याला कारण आहे. मुळशी तालुक्यातील हे गाव एके काळी म्हातोबाच्या यात्रेसाठी आणि चैत्री पौर्णिमेच्या बगाडासाठीच पंचक्रोशीत ठाऊक होते. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादन केल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, आणि आता या नावाचा उच्चार होताच ऐकणाऱ्याच्या मनात संगणकाच्या कचेऱ्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाहनांची न हलणारी रांग यांखेरीज दुसरे काही येत नाही. तथापि मद्यार्काची व जैववायूची संयंत्रे उभारणाऱ्या प्राज इंडस्ट्रीजचे मुख्य कार्यालय याच हिंजवडीच्या रस्त्यावर आहे, आणि मोटारींसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या केपीआयटी कंपनीचाही मुक्काम येथलाच. या दुसऱ्या कंपनीने, १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने स्थापिलेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या सहकार्याने, भात, गहू, मका यांच्या काडीकचऱ्यावर निवडक जीवाणूंचा समुदाय सोडून पहिल्या टप्प्यात हायड्रोजन व दुसऱ्या टप्प्यात मिथेन मिळवण्याची रीत सिद्ध केली. आणि हा जो दुसऱ्या टप्प्यातील मिथेन, त्यापासूनही आणखी हायड्रोजन काढता येईल, असे त्या रीतीच्या वर्णनात मुळातच म्हटलेले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कंपनीने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांसह सिद्ध केलेली इंधनघटावर चालणारी बसही पुण्यात लोकांपुढे आली. काडीकचरा एका टोकाला आणि बस दुसऱ्या टोकाला, असा हा मार्ग मनात आखून पाहिला, म्हणजे मधल्या मुक्कामी मिथेन फोडणारी एक भट्टी लागते हे कोणाच्याही ध्यानात येईल; त्या मुक्कामाचे वर्णन मराठीत असावे, एवढीच आमची प्रेरणा.

जैववायूशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून वायू करून त्यावर दिवे लावले गेल्याची नोंद या देशाच्या जैववायूच्या इतिहासात आरंभीच येते. हिंजवडीपासून फार दूर नसलेल्या देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयास जोडलेल्या वायुसंयंत्राची जी रचना केली, जिला ‘मलप्रभा’ असे सूचक नाव मिळाले, तिच्यामागे वैद्यकाचा आणि गावाच्या आरोग्याचा विचार होता, इंधनाचा नंतर; या कार्याचा गौरव सरकारदरबारी २०१७ च्या पद्मश्रीने, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, झाला. पुण्याच्याच डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी पिष्टमय उष्ट्याखरकट्यावर चालणारे लहान संयंत्र घरोघरी नेले आणि त्याबद्दल २००६ साली तिला अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. याखेरीज साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधील स्पेंटवॉश या सांडपाण्यापासून निघणारा वायू आहे, तो तर या सर्वांहून राशीने कितीतरी अधिक. हे सारे एकाच नावाने ओळखले जात असले तरी उत्प्रेरकाच्या दृष्टीने हे जिन्नस भिन्न आहेत, आणि ही भिन्नता विसरल्यामुळेच पुष्कळ प्रयोग कागदावर यशस्वी व कारखान्यात निकामी ठरतात. शेणाच्या वायूत साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि हजारात एखादा भाग हायड्रोजन सल्फाइड असतो. स्पेंटवॉशच्या वायूत हाच सल्फाइड शेकडा दोन-चार भागांपर्यंत चढतो. आणि शहरी सांडपाण्याच्या वायूत साबण-प्रसाधनांतून आलेली सिलिकॉनची संयुगे असतात, जी तापताच वाळूचा लेप होऊन उत्प्रेरकावर बसतात. प्रयोगशाळेत मात्र बहुधा दोन शुद्ध वायूंच्या टाक्या जोडून त्यांच्या मिश्रणास जैववायू म्हणण्याचा प्रघात आहे.

आता मूळ क्रियेकडे वळू. मिथेनाचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडाचा एक रेणू यांच्या संयोगातून कार्बन मोनॉक्साइडाचे दोन व हायड्रोजनाचे दोन रेणू निघतात. या क्रियेस दर मोलामागे २४७ किलोजूल उष्णता बाहेरून पुरवावी लागते. मिथेनावर कार्बन डायऑक्साइडाऐवजी पाण्याची वाफ सोडली, तर हायड्रोजनाचे तीन रेणू मिळतात आणि उष्णता २०६ किलोजूल लागते. पहिली क्रिया जैववायूस अशी काही अनुरूप वाटते, की जो कार्बन डायऑक्साइड इतर सर्व उपयोगांत निरुपयोगी म्हणून धुऊन काढावा लागतो तोच येथे भागीदार होतो, आणि या गोष्टीचे पुष्कळ लेखांतून मोठे कौतुक केलेले आढळते. आम्हांस या कौतुकाची थोडी रुजुवात करावीशी वाटते. ज्याला शेवटी हायड्रोजनच हवा आहे, त्याला पुढे कार्बन मोनॉक्साइडावर वाफ सोडून त्याचाही हायड्रोजन करावा लागतो; आणि हा दुसरा टप्पा जमेस धरला, की मिथेनाच्या एका रेणूमागे दोन्ही मार्गांनी हायड्रोजनाचे चारच रेणू हाती लागतात, आणि उष्णतेची अखेरची बाकीही दोहोंकडे सारखीच, म्हणजे १६५ किलोजूल, राहते. तेव्हा हायड्रोजनाच्या अर्थ्याला कार्बन डायऑक्साइड काहीच मिळवून देत नाही. तो भट्टीपूर्वी धुण्याचा खर्च वाचतो, एवढाच त्याचा लाभ. लाभ खरा होतो तो मेथॅनॉल किंवा इंधनतेल करणाऱ्याला, कारण त्याला कार्बन हवा असतो. ६० भाग मिथेन व ४० भाग कार्बन डायऑक्साइड असलेल्या वायूत उरलेल्या मिथेनापुरती वाफ सोडली, तर निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडाच्या १ भागास हायड्रोजनाचे १.४ भाग पडतात. मेथॅनॉलास ते २ च्या जवळ हवेत, आणि वाफ वाढवून तेथवर जाता येते. आपण काय करू पाहतो हे आधी ठरवल्यावाचून उत्प्रेरक निवडू नये, हे या हिशेबातून उघड होते. पण व्यवहारात क्रम बहुधा उलटा असतो.

निकेलाचा या क्रियांशी संबंध फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबातिए याने जोडून दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. १८९७ साली सांदेरां या सहकाऱ्यासमवेत त्याने बारीक निकेलावर एथिलीनास हायड्रोजन जोडून दाखवला, १९०२ मध्ये कार्बनच्या ऑक्साइडांपासून मिथेन केला, आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यास ग्रिन्यार समवेत विभागून मिळाले. जो धातू तीन-साडेतीनशे अंशांना कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांचा मिथेन करतो, तोच आठशे अंशांना मिथेन उलगडून टाकतो. उत्प्रेरकाला दिशा नसते, दिशा तापमान ठरवते. या निकेलाची ओळख महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला वनस्पती तुपाने पूर्वीच करून दिली होती, कारण शिवडीच्या कारखान्यात डालडा होत असे तो तेलातील बंधांवर निकेलाच्या साहाय्याने हायड्रोजन जोडूनच. मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांची परस्परक्रिया फिशर व ट्रॉप्श यांनी १९२८ साली तपासली. वाफेची रीत त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत कारखान्यांत उतरली, आणि आज अलिबाग तालुक्यातील थळच्या खतकारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनियासाठी हायड्रोजन होतो तोही याच कुळातील उत्प्रेरकावर. रोडियम, रुथेनियम, प्लॅटिनम हे धातू या कामी निकेलाहून अधिक चिवट आहेत याबद्दल दुमत नाही, परंतु त्यांचे भाव पाहता खेड्यातील अथवा आसवनीतील संयंत्रासाठी त्यांचा विचार करणे म्हणजे मनोराज्य होय.

निकेलाची स्तुती सर्वत्र होते. अ‍ॅल्युमिनाकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि म्हणून तिच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो. निकेल एकटा आठशे अंशांना ठेवला, तर त्याचे कण काही तासांतच एकमेकांत मिसळून मोठे होतात. तो वितळतो १४५५ अंशांना. पण त्याच्या अणूंना हालचालीची मुभा ५९० अंशांच्या आसपासच मिळू लागते, आणि आपली भट्टी तर त्याच्याही वर चालते. हे एकत्रीकरण थोपवून धरण्यासाठी कणांना दूरदूर बसवणारी, स्वतः न वितळणारी अशी जमीन लागते. गॅमा प्रकारच्या अ‍ॅल्युमिनाच्या एका ग्रॅमला दीडशे ते दोनशे चौरस मीटर अंतर्गत पृष्ठ असते, म्हणजे हिंजवडीच्या नव्या वसाहतींतील दोन सदनिका चिमूटभर भुकटीत मावाव्या. निकेल नायट्रेटच्या हिरव्या द्रावणात ही अ‍ॅल्युमिना तिच्या छिद्रांत मावेल तेवढेच पाणी घालून भिजवायची, एकशेवीस अंशांच्या आत वाळवायची, मग भाजायची, की नायट्रेट जाऊन ऑक्साइड उरते. आणि शेवटी हायड्रोजन सोडून त्या ऑक्साइडाचे क्षपण केले की धातू तयार. कृती चार ओळींत संपली; पण भाजण्याच्या तापमानावर सारे भवितव्य अवलंबून असते. सातशे अंशांच्या पुढे निकेल ऑक्साइड अ‍ॅल्युमिनात शिरून तिच्याशी स्पिनेल नावाचे संयुग करू लागते, आणि भुकटीला निळसर छटा येते; ही छटा पाहिली की अनुभवी मनुष्य ओळखतो, की आता हा निकेल सहजासहजी सुटणार नाही, त्यासाठी क्षपण आठशे अंशांच्या वर करावे लागेल. जुन्या ग्रंथांतून स्पिनेलास केवळ हानी मानले आहे. आमचे मत निराळे आहे. स्पिनेलातून कष्टाने सुटलेला निकेल अतिशय बारीक कणांत सुटतो, आणि ज्या आधारातून तो निघाला त्याला घट्ट चिकटून राहतो. पहिल्या दिवसाचा आकडा थोडा कमी भरला तरी असा उत्प्रेरक अधिक मुदतीचा निघण्याचा संभव असतो. उलट, गॅमा अ‍ॅल्युमिना स्वतःही अमर नाही: हजार-अकराशे अंशांकडे जाताना ती आपली छिद्रे मिटवत अल्फा रूपास येते आणि ते प्रशस्त पृष्ठ काही चौरस मीटरांवर येऊन ठेपते, व उष्णतेबरोबर वाफ असली तर हा ऱ्हास लवकर होतो. म्हणून थळसारख्या मोठ्या भट्ट्यांत आधीच अल्फा रूपातील अथवा तत्सम मजबूत आधार घेतात, पृष्ठाची हानी पत्करतात, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चालण्याची हमी मिळवतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर बॉक्साइट आहे आणि बेळगावास अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे, तेव्हा आधारद्रव्याच्या बाबतीत हा मुलूख परावलंबी नाही. निकेल मात्र बहुतांशी आयातच करावा लागतो.

यानंतर काजळी. या विषयावर जेवढे लिहिले गेले आहे तेवढे अन्य कशावरही नाही, आणि ते योग्यच आहे. मिथेन उघड्या निकेलावर फुटला की त्याचा कार्बन मागे राहतो. कार्बन मोनॉक्साइडाचे दोन रेणू एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड होतो तेव्हाही एक कार्बन मागे राहतो. हा कार्बन निकेलाच्या कणात विरघळतो, कणाच्या दुसऱ्या बाजूने तंतूच्या रूपाने बाहेर पडतो, आणि वाढत जाताना त्या कणाला आपल्या टोकावर घेऊन आधारापासून उचलतो. गंमत अशी, की टोकावरचा कण काही काळ पूर्ववत काम करीत राहतो, म्हणून बाहेर येणाऱ्या वायूची तपासणी करणाऱ्याला बिघाडाचा पत्ताच लागत नाही. आत मात्र तंतूंनी गोळ्या फुटू लागतात, भुगा साचतो, आणि एके दिवशी नळीच्या दोन टोकांमधील दाब वाढून सारे ठप्प होते. पहिली क्रिया साडेपाचशे अंशांच्या वर जोर धरते, दुसरी सातशेच्या खाली. म्हणजे साडेपाचशे ते सातशे हा पट्टा दोहोंच्या अंमलाखाली येतो व तोच सर्वांत घातक. भट्टी आठशेवर स्थिर असेल तोवर फारसे बिघडत नाही. पण आपल्याकडील लहान संयंत्राचे आयुष्य स्थिर नसते. वीज जाते, वायूचा टाका रिकामा होतो, सणासुदीला मजूर येत नाहीत. आणि दर वेळी भट्टी थंड होताना एकदा व पुन्हा तापताना एकदा त्या पट्ट्यातून जाते. हजार तासांची अखंड चाचणी उत्तीर्ण झालेला उत्प्रेरक शंभर वेळा बंद-चालू केला असता टिकेल, असे कोणीही गृहीत धरू नये. भट्टी विझवण्यापूर्वी जैववायू बंद करून नायट्रोजन किंवा निदान वाफ सोडण्याची तजवीज हवी. आणि निकेलावर कार्बन मोनॉक्साइड असताना तापमान दोनशे अंशांच्या खाली कधीही उतरू देऊ नये, कारण १८९० मध्ये लुडविग माँडने वर्णिलेले निकेल कार्बोनिल तेथे तयार होते, आणि ते प्राणघातक विष आहे. हे वाक्य संयंत्राच्या भिंतीवर रंगवून ठेवावे.

काजळीवरील उपायांचा तपशील पाचव्या प्रकरणात आहे. निकेलाचे कण दहा नॅनोमीटरांच्या आत ठेवले तर तंतूस मूळ धरणे अवघड जाते. मॅग्नेशिया किंवा कॅल्शियम ऑक्साइड घातले तर आधाराची आम्लता मरते व कार्बन डायऑक्साइड जवळ धरला जातो. लँथनम ऑक्साइड त्या वायूशी ऑक्सिकार्बोनेट करून साचलेला कार्बन जाळते. आणि सिरियम ऑक्साइड आपल्यातील ऑक्सिजन देऊन पुन्हा भरून घेते. या दिशेने पुण्यात झालेले काम मातब्बर आहे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. आर. चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात निकेलाचे अ‍ॅल्युमिना, कॅल्शियम ऑक्साइड व मॅग्नेशिया यांवरील उत्प्रेरक कसून तपासले, आणि कार्बन डायऑक्साइडाबरोबर थोडा ऑक्सिजन किंवा वाफ एकाच वेळी सोडली असता काय होते हे दाखवले. ऑक्सिजनाशी होणारी क्रिया उष्णता देते आणि कार्बन डायऑक्साइडाशी होणारी ती घेते. दोन्ही एकाच थरात बसवल्या तर बाहेरून तापवण्याचा भार उतरतो, शिवाय काजळीही कमी होते. लहान संयंत्रांसाठी हा विचार आम्हांस सर्वांत आश्वासक वाटतो, कारण बाहेरून तापवायचे झाल्यास नुसत्या क्रियेपोटी मिथेनाचा पाचवा ते चौथा हिस्सा भट्टीतच खर्ची पडतो.

आता प्रश्न असा, की हा खटाटोप करावाच का? वायू धुऊन, दाबून मोटारीत भरता येतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सरकारची ‘सतत’ योजना त्यासाठीच आहे. चुलीत जाळता येतो, त्याहून सोपे काहीच नाही. साठ टक्के मिथेन असलेल्या एका घनमीटर जैववायूपासून, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, २१६ ग्रॅमच हायड्रोजन निघतो. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा चार गुरांच्या गोठ्यामागे पुनर्घटनेची भट्टी उभारावी, असा सल्ला देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी. परंतु आसवनीसारख्या ठिकाणी, जेथे वायू अहोरात्र निघतो, वाफ आधीच उपलब्ध असते आणि ताप सांभाळणारी माणसे पाळीवर असतात, तेथे हिशेब बदलतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात आणि त्याच वर्षी ऑगस्टात ठरलेल्या व्याख्येत जैवभारापासून होणाऱ्या हायड्रोजनालाही स्थान आहे. अट एवढीच, की दर किलोमागे कार्बन डायऑक्साइडाचा भार दोन किलोंहून अधिक नसावा. ही अट जैववायूला अनुकूल दिसते खरी, पण गळणारा मिथेन तिच्यात मोजला जातो, आणि आपल्या टाक्यांची झाकणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. विद्यार्थ्याने ते पहिल्यापासून वाचावे. ज्याच्यापाशी संयंत्र आहे, त्याने मात्र आरंभ सातव्या प्रकरणापासून, म्हणजे गंधक काढण्याच्या प्रकरणापासून करावा. कारण निकेलाला लक्षांशात काही भाग गंधकही पुरतो, तो पृष्ठावर बसला की मिथेनास जागा उरत नाही, आणि जास्त तापमानास त्यातील काही गंधक सुटून गेला तरी तेवढ्यावर विसंबून भट्टी चालवता येत नाही. लोखंडाच्या ऑक्साइडाचा थर आधी, मग सक्रिय कोळसा, आणि शेवटी साडेतीनशे-चारशे अंशांवरील झिंक ऑक्साइड, असा तिहेरी पहारा तेथे वर्णिला असून प्रत्येक थर किती दिवसांनी बदलावा हे वायूतील गंधकाच्या प्रमाणावरून काढण्याची रीत उदाहरणांसह दिली आहे. शेणाच्या वायूवर काम करणाऱ्यास त्यातील पहिली दोन उदाहरणे पुरतील. आसवनीवाल्याने तिसरे सोडू नये, आणि थर बदलल्याच्या तारखा भट्टीच्या तापमानांसोबत एकाच वहीत लिहाव्यात.

हिंजवडी, पुणे